लिफ्ट करायच्या आधी गाडीखाली टेप लावा

ज्या दगडासाठी मी गाडीला लिफ्ट बसवली, त्याच दगडावर पहिल्याच फेरीत मागचा डिफरन्शियल आपटला. (लिफ्ट म्हणजे गाडीचं अंग चाकांपासून उंच करणारे भाग; डिफरन्शियल म्हणजे एक्सलच्या मध्यावरचा, दोन चाकांना जोर वाटणारा गोळा.) आमचा ड्रिलर खाली उतरला, वाकून बघून आला आणि म्हणाला, "मॅडम, दगड तोच, ओरखडाही तोच."

मी भूगर्भतज्ज्ञ. वर्षातले शंभरेक दिवस कच्च्या वाटांवर जातात. गाडी डबल कॅब पिकअप; मागे कोअरच्या (ड्रिलने जमिनीतून काढलेल्या दगडाच्या नमुन्यांच्या) पेट्या, पाण्याचे कॅन आणि हत्यारं, आत आम्ही तिघं. पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं) आणि कॉइल स्प्रिंग, मागे अखंड एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) आणि पाटे (एकावर एक पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग). टोयोटा हायलक्स, इसुझू डी-मॅक्स, फोर्ड रेंजर या पिकअपची नेहमीची मांडणी अशीच, त्यामुळे खालचं बरंचसं त्यांना लागू पडेल. जीप रँग्लर किंवा सुझुकी जिम्नीसारख्या गाड्यांना पुढेही अखंड एक्सल असतो. तिथे काय वेगळं ते मध्ये मध्ये सांगेन.

त्या संध्याकाळी मोजायची टेप घेऊन गाडीखाली शिरले. बंपर, पायदान, चेसिस सगळं ७५ मिमी वर गेलं होतं. डिफरन्शियलच्या पोटाखाली मात्र २२० मिमी, लिफ्टच्या आधी होते तेवढेच. मागचा एक्सल चाकांवर बसलेला असतो आणि बॉडी त्याच्यावर स्प्रिंगांनी तोललेली असते. लिफ्टने वाढतं ते एक्सल आणि बॉडीमधलं अंतर. एक्सल जमिनीपासून वर न्यायचा तर टायरच मोठा लागतो. जमिनीचे छेद काढून पोट भरणाऱ्या बाईने स्वतःच्या गाडीचा छेद काही काढला नव्हता.

ओरखड्यांची वही

म्हणून पहिलं काम वहीचं. गाडीखाली जे जे खाली लोंबतं, म्हणजे डिफरन्शियल, टो-हूक, पायदानाची कड, गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी, पुढच्या बंपरचा ओठ, त्यावर स्वस्तातला पांढरा रंग मारा. प्रत्येक फेरीनंतर कुठला रंग गेला ते बघा. वहीत लिहा: काय घासलं, गाडी भरलेली होती की रिकामी, चढ होता, उतार होता की मधला उंचवटा, आणि वेग किती होता. एक हंगाम एवढंच करा. पाना अजून हातात घ्यायचा नाही.

नाक घासलं तर चढाला भिडण्याचा कोन कमी पडतोय. शेपूट घासलं तर सुटण्याचा. पोट टेकलं तर दोन चाकांमधल्या लांबीचा प्रश्न आहे. एक्सल आपटला तर टायरचा, किंवा तुमच्या चालवण्याचा. आणि काहीच न घासता चाक नुसतं गरगर फिरत राहिलं तर उंचीचा त्याच्याशी संबंधच नाही. प्रत्येकाचं औषध वेगळं, आणि लिफ्ट हे यातल्या मोजक्याच दुखण्यांचं औषध आहे.

माझ्या वहीत एका हंगामात एकवीस नोंदी झाल्या. नऊ टो-हूकच्या, नऊच्या नऊ गाडी भरलेली असताना. सहा डिफरन्शियलच्या. चार पोटाच्या. दोनदा काहीच टेकलं नाही, एक चाक हवेत आणि गाडी जागच्या जागी. पुढचा बंपर एकदाही टेकला नाही. आणि मी हौसेने जे उचललं होतं त्यात गाडीचं नाकही होतं.

यातली निम्मी दुखणी फुकटात गेली. टो-हूक दोन पिनांवर निघणारा होता. ट्रेलर नसेल तेव्हा तो आता मागच्या सीटखाली असतो. डिफरन्शियलच्या सहापैकी निदान चार वेळा चूक माझी होती. दगड दिसला की तो दोन चाकांच्या मधून काढायचा, ही सवय रस्त्यावरच्या खड्ड्यांनी लावलेली. अखंड एक्सलच्या गाडीत नेमकं उलट करायचं. टायर दगडावर चढवायचा, म्हणजे एक्सलही त्याच्याबरोबर वर उचलला जातो. त्या पहिल्या दगडावर हल्ली उजवं मागचं चाक ठेवते.

टायर आणि त्यातली हवा

खर्च करायचाच असेल तर पहिला टायरवर करा. माझे मूळ टायर २६५/६५ आर १७ होते. पहिला आकडा मिमीमधली रुंदी, दुसरा टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, तिसरा रिमचा व्यास इंचांत. हिशोब अगदी सोपा आहे: २६५ चे ६५ टक्के म्हणजे १७२ मिमीची भिंत, दोन्ही बाजूंची मिळून ३४४.५, त्यात १७ इंची रिमचे ४३१.८ मिळवा. व्यास ७७६ मिमी. २६५/७० घेतले तर ८०३ मिमी. वाढलेल्या २७ मिमीपैकी निम्मेच एक्सलखाली मिळतात, म्हणजे १३. नव्या ऑल-टेरेन (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या) टायरची नक्षी ११-१२ मिमी खोल असते. ती झिजून तीन-चारवर आली की त्या १३ मधले ८ गेले. २८५/७० वर गेलात तर व्यास ८३१ मिमी आणि एक्सलखाली २७ मिमी जास्त. पण त्या मापाला बहुतेक पिकअपमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासतो. लिफ्टचा एक खरा उपयोग इथे आहे, ती मोठ्या टायरला जागा करून देते. तरीसुद्धा थोडी काटछाट उरतेच, कारण चाक पूर्ण वर दाबलं गेलं की लिफ्ट केलेल्या आणि न केलेल्या गाडीत ते जवळपास सारख्याच ठिकाणी पोचतं.

व्यास वाढला की मीटर खोटं बोलू लागतं. मूळ टायरवर ते अचूक होतं असं धरलं, तर २६५/७० ला मीटर १०० दाखवेल तेव्हा खरा वेग १०३ च्या वर असेल, २८५/७० ला १०७. गिअरिंगही तेवढंच लांबतं, चढावर लवकर खाली उतरावं लागतं, ब्रेकना जास्त जड चाक थांबवावं लागतं, ॲव्हरेज पडतं. स्टेपनीही त्याच मापाची हवी. ती मूळ जागेत मावते का, हे पाच टायर घेण्याआधी बघा. मी नंतर बघितलं.

मी शेवटी २६५/७० वर थांबले, हलक्या ट्रकसाठीचे 'एलटी' टायर घेतले. भिंत जाड असल्याने धारदार दगडात ते टिकतात. त्यांचा एक नखरा आहे. तेवढंच वजन पेलायला त्यांना साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते, तेव्हा दारावरच्या स्टिकरवरचा आकडा डोळे मिटून भरू नका.

हवा कमी करणं हा मला माहीत असलेला सगळ्यात स्वस्त बदल. एक बऱ्यापैकी गेज आणि बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर, बस. डांबरी रस्त्यावर माझी हवा ३६ पीएसआय असते. खडबडीत वाटेवर २६, मऊ वाळूत १८. हवा उतरली की टायर जमिनीवर लांबीला पसरतो, वाळूवर तरंगतो, दगडावर टोचून घेण्याऐवजी त्याला मिठी मारतो. वेग मात्र उतरवायचा, वळणं सावकाश घ्यायची, कारण १५ च्या खाली टायर रिमवरून निसटण्याची भीती वाढत जाते. आणि डांबरावर चढण्याआधी हवा परत भरायची. कंटाळा आला तरी. कमी हवेच्या टायरची भिंत वेगात सतत दुमडते आणि आतून तापून निकामी होते.

वहीतल्या त्या दोन चाक-हवेत नोंदी उरल्या. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक हवेत असेल तर त्याला फिरायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही, आणि जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ काहीच मिळत नाही. लॉकर दोन्ही चाकं एकत्र बांधतो. तुमच्या गाडीला मागचा लॉकर कंपनीकडूनच आला असेल तर आधी त्याचं बटण कुठे आहे ते शोधा. वर्षानुवर्षं न दाबलेली बटणं मी पाहिली आहेत. नसेल तर लिफ्टचे पैसे इकडे वळवा. ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचे हवेवर चालणारे लॉकर अनेक गाड्यांसाठी मिळतात.

मग लिफ्ट कुणी करावी?

वहीत पोट आणि नाक वारंवार येत असेल त्याने. किंवा गाडी कायम भरलेली असते आणि मागून बसते, त्याने. मी दुसऱ्या गटातली. वजन भरल्यावर माझी गाडी मागून ७० मिमी खाली बसायची, म्हणूनच टो-हूकच्या त्या नऊ नोंदी. मला उंच गाडी नको होती, भरल्यावरही न वाकणारी हवी होती. हे समजायला एक लिफ्ट बसवून काढावी लागली.

पहिली लिफ्ट स्पेसरची होती. पुढच्या शॉकच्या (झटके शोषणाऱ्या नळकांड्याच्या) माथ्यावर जाड चकती, मागे पाटा आणि एक्सलमध्ये ठोकळा. स्वस्त, अर्ध्या दिवसात बसते, आणि फोटोत चांगल्या लिफ्टसारखीच दिसते. पण शॉक तोच, स्प्रिंग तीच. चाकाची एकूण हालचाल काही वाढत नाही. गाडी उभी असतानाच सस्पेन्शन खालच्या टोकाजवळ येऊन बसतं. खड्ड्यात चाक खाली सुटायला जागाच उरत नाही आणि प्रत्येक उंचवट्यानंतर 'ठक्' असा धातूचा आवाज येतो. चकतीच्या जाडीपेक्षा चाकाशी उंची बरीच जास्त वाढते, कारण शॉक खालच्या आर्मच्या (चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या दांड्याच्या) मधल्या भागावर टेकलेला असतो. तिथे एक इंच म्हणजे चाकाशी दीड ते दोन. हे दुकानदाराने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सात महिन्यांत पुढच्या डाव्या ड्राइव्ह शाफ्टचा (चाकाला जोर पोचवणाऱ्या दांड्याचा) रबरी बूट फाटला आणि ग्रीस रिमभर उडालं. शाफ्टचा सांधा सतत तिरक्या कोनात फिरत होता. अकराव्या महिन्यात सगळं काढून टाकलं.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर ४० ते ५० मिमीच्या वर जाऊ नका, हे माझं ठाम मत. त्यापुढे वरचे कंट्रोल आर्म, डिफरन्शियल खाली घेणारे ब्रॅकेट, लांब ब्रेक होज अशी रांग लागते, आणि प्रत्येक नवा भाग आधीच्या भागाने केलेलं नुकसान भरून काढत असतो. पुढे अखंड एक्सल असेल तर उंच जाणं सोपं, पण पॅनहार्ड रॉड (एक्सलला आडवा सरकू न देणारा दांडा) मूळचाच ठेवला तर एक्सल एका बाजूला सरकतो, आणि कॅस्टर (पुढचं चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी झाल्याने गाडी सरळ रस्त्यावर भटकते. पुढे पाटे असलेल्या गाडीत पाट्याखाली ठोकळा कधीच घालू नका. ब्रेक मारताना तो निसटला तर स्टिअरिंगचा एक्सलच सुटतो. चेसिस आणि बॉडीमध्ये ठोकळे घालणारी बॉडी लिफ्ट टायरला जागा देते, चेसिसच्या पोटाखाली काही मिळत नाही. त्यावर जास्त शाई खर्च करत नाही.

दिसायला छान दिसते म्हणून करायची असेल तर करा. गाडी स्वतःची आहे. फक्त त्या दिसण्याचं मोल कशाने चुकवता ते माहीत असू द्या. दोन्ही चाकांमधली रुंदी भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हा भागाकार अमेरिकेची एनएचटीएसए ही संस्था गाडी उलटण्याच्या धोक्याचं मानांकन करताना वापरते. रुंदी १५५० मिमी आणि उंची ७०० धरली तर १.११ येतो. लिफ्टने गुरुत्वमध्य ६० मिमी वर गेला तर १.०२. आकडा जितका लहान तितकी गाडी उलटायला सोपी. वर छतावर तंबू टाकला की आणखी खाली. डोंगरउतारावर आडवं जाताना हा फरक पोटात जाणवतो.

वजन

दुसऱ्यांदा स्प्रिंग घेण्याआधी गाडी वजनकाट्यावर नेली. कामावर जाते तशीच भरून, आणि पुढचा-मागचा एक्सल वेगवेगळा. माझ्या गाडीची भारक्षमता ९५० किलो. तिघांचे २२५, पेट्या ४००, पाणी ६०, हत्यारं ८०, मागचं झाकण ७०, आणि मोठ्या हौसेने बसवलेला लोखंडी बंपर नि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारी मोटर) ९५. बेरीज ९३०. उरले वीस किलो. छतावरच्या तंबूचा विषय तिथेच संपला.

बंपरची गंमत वेगळीच. तो पुढच्या एक्सलच्या साधारण ८०० मिमी पुढे लटकतो आणि दोन एक्सलमधलं अंतर ३१०० मिमी. तरफेच्या हिशोबाने ९५ किलोचे पुढच्या एक्सलवर १२० होतात आणि मागचा २५ ने हलका होतो. मग पुढे जाड स्प्रिंग लागते. विंच वर्षातून एकदा वापरली, तीही दुसऱ्याच्या गाडीसाठी. आता बंपर मूळचाच आहे. विंचऐवजी ताणणारा दोर, दोन शॅकल (दोर अडकवायच्या कड्या), फावडं आणि वाळूच्या पट्ट्या. दोर अडकवायचा तो चेसिसवर बोल्ट केलेल्या, त्या कामासाठीच बनवलेल्या हुकाला. ट्रेलरच्या टो-बॉलला कधीही नाही. ओढताना तो तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. त्याने माणसं मेली आहेत.

जाड पाटे घातले म्हणून गाडीची ठरवून दिलेली वजनमर्यादा वाढत नाही. चेसिस, ब्रेक, एक्सल सगळे जुनेच असतात. मागच्या पाट्यांवर हवेच्या पिशव्या बसवून जास्त वजन नेणाऱ्या डबल कॅब गाड्यांचे चेसिस वाकतात, कारण पाट्याच्या दोन टोकांवर वाटलं जाणारं वजन पिशवीच्या एकाच बिंदूवर येतं.

स्प्रिंग घेताना "मला इतकी उंची हवी" असं न म्हणता "रिकामी इतकी, भरलेली इतकी, आणि वर्षातले इतके दिवस भरलेली" असं सांगा. तीनशे किलोच्या स्प्रिंगवर रिकामी गाडी फिरवली तर ती बैलगाडीसारखी आपटते. मी मागे कायमच्या ३०० किलोंसाठीचे पाटे, पुढे ४० मिमी उंच करणारी स्प्रिंग, आणि त्या लांबीला जुळणारे नवे शॉक घेतले. स्प्रिंग आणि शॉक एकाच संचातले.

बसवताना उभं राहून बघायच्या गोष्टी

चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर आधी आणि नंतर मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायर आणि हवा त्यात घोळ घालतात. कंट्रोल आर्मचे आणि पाट्यांचे रबरी बुशवाले (सांध्यात रबरी नळी असलेले) बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळायचे. जॅकवर लोंबकळत असताना आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. माझ्या पहिल्या लिफ्टमध्ये हेच झालं होतं.

मग चेसिसखाली जॅक लावून चाक पूर्ण खाली सोडायला सांगा. ब्रेक होज ताणलाय का? एबीएसची वायर? वरचा आर्म कॉइलला चिकटतोय का? मध्ये बोट जात नसेल तर पैसे देऊ नका. आता स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून तेच परत बघा.

बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सलला दांड्याने जोडलेला एक छोटा व्हॉल्व्ह असतो. गाडी भरली की बॉडी खाली येते, दांडा सरकतो आणि मागच्या ब्रेकना जास्त दाब मिळतो. मागून लिफ्ट केली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक नरम पडतात. एक छोटा ब्रॅकेट लावून दांडा मूळ कोनात आणावा लागतो. हे विसरलं गेलेलं मी स्वतः अनुभवलंय, कोअरच्या पेट्या मागे असताना, उतारावर.

व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी. छापील कागद मागा आणि त्यात कॅस्टरचा आकडा बघा. टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) सगळेच जुळवतात, कॅस्टर सोडून देतात. हेडलाइट खाली वळवून घ्या, नाहीतर समोरचा आंधळा होतो. काचेमागे कॅमेरा किंवा बंपरमध्ये रडार असेल तर त्याचं कॅलिब्रेशन. विमा कंपनीला लेखी कळवा आणि तुमच्याकडे नोंदणीचे नियम किती उंचीला परवानगी देतात ते काम सुरू करायच्या आधी विचारा.

पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवे घ्या. एकदा ताणून बसलेले पुन्हा वापरायचे नसतात. हजार किलोमीटरनंतर टॉर्क पाना लावून ते परत तपासा. माझ्या आठ नटांपैकी एक पाव फेरा फिरला. आवळून झाल्यावर प्रत्येक नटावरून बोल्टवर जाणारी पांढऱ्या रंगाची रेघ मारली, ओरखड्यांसाठी आणलेला तोच डबा. आता डिझेल भरताना खाली वाकते आणि रेघा जुळतात का तेवढं बघते.